चाकूला पाणी दाखवायचं नाही

आप्पांनी आजीला कापायला घेतलं तेव्हा घरात धाकटी सून सोडून कुणी जागं नव्हतं.

आजी म्हणजे झाड. अंगणाच्या टोकाला विहिरीशेजारी उभं असलेलं संत्र्याचं जुनं, रुंद झाड. या घराची सगळी कलमं तिच्या फांद्यांवरून निघाली. नदीच्या दोन्ही काठांना जिथं म्हणून संत्री आहेत तिथं आजीचंच रक्त. आप्पांच्या वडिलांनी ती लावली, आप्पांनी ती वाढवली, आणि आज उजाडता उजाडता आप्पांनीच तिच्या बुंध्याला यंत्राची करवत लावली.

करवत थांबेपर्यंत सगळं घर अंगणात आलं होतं. थोरला तोंडात ब्रश धरूनच धावत आला. धाकटा अनवाणी. दोघांची मधली बहीण, ताई, कालच माहेरी आली होती. ती शाल सावरत आली. आई सगळ्यात शेवटी आली आणि दारातच थांबली. झाड आडवं पडलं होतं. पानं पिवळी, बुंध्याची साल जागोजाग सुटलेली, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तशी.

"आप्पा," थोरला म्हणाला. तोंडातला फेस हनुवटीवर ओघळला. "हे काय करून बसलात?"

"कापली."

"ते दिसतंय! का कापली?"

"रोगट होती."

"अख्खी दरी रोगट आहे! मग काय, दरी कापत सुटणार?"

"दरी आधीच कापलीये," आप्पा म्हणाले. "मीच कापलीये."

त्यांनी करवत खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे असं बघितलं, जणू कुणीतरी दुसऱ्याचे हात आणून त्यांच्या मनगटांना जोडले होते. मग कुणाकडेही न बघता ते घरात गेले.

थोरल्याला काही कळलं नाही. ताईला कळलं नाही. आईला काय कळलं ते आईच्या तोंडावरून कधीच कळत नसे. फक्त धाकट्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं धाकट्याकडे, आणि दोघांनी लगेच माना फिरवल्या.

"तू काही बोललीस का त्यांना?" धाकट्यानं तोंडातल्या तोंडात विचारलं.

"त्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"माझी ओळ हिरवी का ते."

धाकट्यानं डोळे मिटले.

*

ती ओळ भिंतीकडची. घराच्या बागेतलं प्रत्येक झाड पिवळं पडत होतं, आणि त्यांच्यात शहाणपण शिकवायला उभी केल्यासारखी ही एक ओळ हिरवीगार. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून म्हणत, भिंतीची सावली मिळते म्हणून. कुणी म्हणे, तिथली माती चांगली. मातीला आणि सावलीला श्रेय द्यायला कुणाची जीभ अडखळत नाही. ती ओळ धाकटी सून छाटते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्याही ध्यानात नव्हतं.

आप्पा एका हंगामात तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा ती ओळ तिच्याकडे आली आणि मग तिच्याकडेच राहिली. ती न्हाव्याची मुलगी. या घरात आल्यापासून या एका गोष्टीवरून तिला किती टोमणे बसले असतील त्याला गणती नाही. थोरला तर तिच्या हातात कात्री दिसली की हमखास म्हणायचा, "बघा, झाडांची हजामत सुरू झाली!" ती हसून सोडून द्यायची. पण बापाच्या दुकानात लहानपणापासून बघितलेली एक सवय तिच्या हातातून गेली नव्हती. गिऱ्हाईक बदललं की वस्तरा जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचा. ती झाड बदललं की कात्री बुडवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नाही बुडवली तर तिला कसंतरीच व्हायचं, एवढंच.

आणि या घराचा कायदा नेमका उलटा. आप्पांच्या वडिलांचा वाकड्या पात्याचा चाकू, शिंगाच्या मुठीचा. त्यानं कलम बांधायचं, त्यानंच छाटायचं. त्याला पाणी दाखवायचं नाही, विस्तव दाखवायचा नाही. पाण्यानं पोलाद बिघडतं, विस्तवानं धार मरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं तळहातावर पुसायचं, बस्स. आप्पांचा तळहात त्यानं काळा, चकचकीत झाला होता. लोक तो हात कौतुकानं बघत. छाटणीचा हंगाम आला की दरीतल्या प्रत्येक बागेत पहिला काप आप्पांचा, याच चाकूनं, आणि तेही झाडामागून झाड, निदान एक ओळभर. मग मालकाच्या कात्र्या चालू. आप्पांचा काप पडल्याशिवाय कुणी झाडाला हात लावत नसे.

त्या दिवशी पहाटे विहिरीवर तिनं आप्पांना हे सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं होतं, "रोग पात्यातून जातो, असं म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. रोपवाटिकेच्या तपासणीवाल्यांनी सांगितलंय. फोनवर. यांना."

"कधी?"

तिनं खरं ते सांगितलं. मागच्या हंगामाच्या आधी.

*

"मागच्या हंगामाच्या आधी!" थोरल्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूठ आपटली. "आणि तू गप्प? मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला सांगून काय झालं असतं?" धाकटा म्हणाला. "तू बागायतदार संघाच्या अध्यक्षपदाला उभा राहणार. म्हटलं असतंस, गप्प बस. मी आधीच गप्प होतो. तुझं काम सोपं केलं."

थोरल्याला राग आला तो धाकट्यानं लपवलं म्हणून नाही. आपण नेमकं तेच म्हटलं असतं, हे धाकट्यानं ओळखलं म्हणून आला. त्याच्या डोक्यात या क्षणी बागा नव्हत्या. खालच्या काठाची माणसं होती, वरच्या काठाची माणसं होती, आणि त्यातली कोण कोण त्याच्या बाजूनं हात वर करतील हे होतं. माणूस वाईट नव्हता. पण घर जळत असताना आधी पाटी वाचवायला धावणारी माणसं असतात, त्यातला तो.

"आणि रोपं?" त्यानं विचारलं. "आजी रोगट होती हे माहीत असून तू तिची कलमं विकलीस?"

"तेव्हा ती बरी दिसत होती."

"दिसत होती!"

"हो, दिसत होती! रोपवाटिका मी चालवतो, तू नाही. पाटीवर आजीचं चित्र आहे. काय लिहू खाली, 'कृपया दुसरीकडे जा'?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताई बसली होती. ती इतका वेळ थोरल्याच्या बाजूनं होती. थोरल्यानं तिच्या नवऱ्याला संघाच्या गोदामात काम लावून देतो म्हटलं होतं, म्हणून ती कालपासून त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. आता तिची मान थांबली.

"दादा, एक मिनिट," ती म्हणाली. "आमची बाग."

दोघे भाऊ तिच्याकडे वळले.

"आमच्या बागेत दरवर्षी पहिला काप आप्पांचाच होता. लेकीची बाग म्हणून एक ओळ नाही, अख्खी बाग छाटायचे. आपल्या हातानं."

"ताई, हे आत्ता..." धाकटा म्हणाला.

"आत्ता नाही तर कधी? तू तर वर्षभर गिळून बसलास!" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. "माझ्या नवऱ्यानं झाडं उपटली. रोज एक ओळ. उपटून घरी यायचा आणि जेवायचा नाही. आता ट्रक चालवतो. आणि आप्पा, तुम्ही..."

आप्पा खिडकीपाशी उभे होते. वळले नाहीत.

"तुम्ही गोदामात, चारचौघांत काय म्हणालात? 'आमच्या जावयाच्या हाताला झाड लागत नाही.' सगळे हसले. तोही हसला. घरी येऊन मला म्हणाला, आप्पा झाडांतले देव आहेत, ते म्हणतात म्हणजे माझ्यातच खोट असेल."

खिडकीबाहेर खालच्या काठाच्या बागांत छाटणी सुरू झाली होती. नदीवरून आवाज येत होता, कात्र्यांचा, कचकच, कचकच, एका बागेतून, मग दुसऱ्या बागेतून. दरवर्षी या आवाजानं आप्पांची छाती फुगायची. आज प्रत्येक कचकचीला त्यांचा खांदा हलत होता.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"मला नका सांगू. त्याला सांगा. आणि जिथं बोललात तिथंच उभं राहून सांगा."

"सांगतो. आजच. सगळ्यांना सांगतो."

"झालं!" थोरला उठला. "आता हात दाखवून अवलक्षण करा! आप्पा, झाकली मूठ सव्वा लाखाची. रोग काय, कुठूनही येतो. वाऱ्यानं येतो, पाण्यानं येतो. कोण बघायला आलंय?"

"ते अजून छाटतायत," धाकटी सून म्हणाली.

ती चुलीशी उभी होती. ती बोलेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

"काय?"

"ते सगळे. कात्र्या न धुता. आजारी झाडावरून चांगल्या झाडावर. ऐकू येत नाही का?"

सगळ्यांनी ऐकलं. कचकच, कचकच.

धाकटा बायकोजवळ गेला. तिच्याशी नाही, सगळ्यांशी बोलला, पण डोळे तिच्यावर. "ऐका. एक मधला मार्ग आहे. आजपासून चाकू धुवायचा. कात्र्या धुवायच्या. लोकांना सांगायचं, नवीन पद्धत आलीये, हत्यारं औषधात बुडवा. का, ते सांगायची काय गरज? रोग थांबेल. नावही राहील. पटतंय का, दादा?"

थोरल्याला ताबडतोब पटलं. एवढा वेळ एकमेकांच्या नरडीला लागलेले दोन भाऊ एका वाक्यात सख्खे झाले. खोटं बोलायचं ठरलं की भावाभावांत जी गोडी येते ती खरं बोलताना कधी येत नाही.

"मग ज्यांच्या बागा गेल्या त्यांचं काय?" ताई म्हणाली. "ते आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसणार?"

"ताई, तुझ्या नवऱ्याचं गोदामातलं काम..." थोरला म्हणाला, आणि वाक्य मुद्दाम अर्धं सोडलं.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. पायात काय रुतलंय ते बघावं तसं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "आहेत का कलमवाले घरात?"

*

वरच्या बागेचे काका आले होते. नदी जिथं दरीत शिरते तिथं त्यांची बाग, सगळ्यांत मोठी, आणि एक पट्टी सोडली तर अजून हिरवी. आज त्यांच्याकडचा पहिला काप ठरलेला होता. हे ठरलंय हे घरातला प्रत्येक माणूस विसरला होता.

"अहो, अंगणात काय हे?" काका आत येत म्हणाले. टोपी काढून टेबलावर ठेवली. "आजी पाडली? मला वाटलं वीज पडली की काय!"

"म्हातारी झाली होती," थोरला झटकन पुढे झाला. त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "नवी लावायचीये तिथं. बसा ना, काका. आप्पांना जरा बरं नाही आज. मी येतो तुमच्याकडे."

"तू?" काका हसले. "तू भाषण करायला ये. झाडाला आप्पाच पाहिजेत. निदान चाकू तरी तोच आण."

"तोच आणतो," थोरला म्हणाला आणि फळीवरचा चाकू उचलून हातात घेतला.

धाकट्यानं त्याला अडवलं नाही. वाटेत धुवून घेईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. थोरला धुणार नव्हता. थोरल्यानं आयुष्यात स्वतःची ताटलीही धुतली नव्हती.

आईनं चहाचं पाणी ठेवलं होतं. ते उकळू लागलं. ती सगळ्यांकडे पाठ करून उभी होती आणि तिला या घरातला आपला पहिला हंगाम आठवत होता. नवी सून म्हणून काहीतरी चांगलं करून दाखवावं, या हौसेनं तिनं तो चाकू घासूनपुसून, धुऊन, चकचकीत करून ठेवला होता. सासऱ्यांनी तो हातातून हिसकावला होता आणि सगळ्यांदेखत म्हटलं होतं, बायकांच्या हातानं पोलाद मरतं. आप्पा तेव्हा तरुण होते, शेजारीच उभे होते, आणि हसले होते. ती त्या दिवसापासून चाकूला शिवली नव्हती. रागानं नाही. तिला खरंच वाटलं होतं की आपल्या हातून पाप झालं.

"तुमच्याशिवाय नाही चालायचं हो," काका आप्पांना म्हणत होते. "उगाच दुसऱ्या कुणाचा हात लागायचा आणि तुमच्या जावयासारखं व्हायचं! बिचारा. मनानं चांगला, पण बागाईत त्याच्या रक्तातच नाही."

ताई उभी राहिली. पण आधी आप्पा बोलले.

"जावयाचा दोष नव्हता. त्याची बाग मी मारली."

काका थांबले. मग मोठ्यानं हसले. "लेक समोर आहे म्हणून बोलताय! बापाचं काळीज."

"खरं सांगतोय. रोग माझ्या चाकूतून गेला. खालच्या काठाला मीच नेला."

"आप्पा तापात काहीतरी बोलतायत," थोरला म्हणाला.

"ताप बिप नाही मला!"

"असू दे, असू दे," काका समजुतीनं म्हणाले. "झाड पाडलं की माणूस हळवा होतो. तुमच्या हातातून रोग? अहो, तुमच्या हाताला यश आहे. दरी जगली ती या हातावर."

आयुष्यभर ज्या नावासाठी आप्पा जगले होते, ते नाव आता त्यांच्यासमोर भिंतीसारखं उभं होतं आणि त्यांना पलीकडे जाऊ देत नव्हतं. खोटं बोलले असते तर काकांनी डोळे मिटून मानलं असतं. खरं बोलत होते, तर काका त्यांची पाठ थोपटत होते.

"चल रे," काका थोरल्याला म्हणाले. "घे तो चाकू. गडी खोळंबलेत."

थोरला वळला. वळला तर आई समोर.

"दे इकडे," ती म्हणाली.

"आई, चहा नको आता, उशीर..."

"चाकू दे."

तिनं मागून घेतला नाही, काढूनच घेतला. त्याच्या बोटांना काही कळायच्या आत. दोन पावलं टाकून तिनं तो चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सोडला. शिंगाची मूठ पातेल्याच्या काठाला आपटली आणि पातं बुडालं. पाण्यावर पिवळट, चिकट साय आली. पिढ्यापिढ्यांचा चीक.



काकांचं हसू तोंडावरच सुकलं. या दरीतल्या प्रत्येक माणसाला तो कायदा माहीत होता. पोरांना गोष्टीत सांगायचे तो. आणि कलमवाल्यांच्या घरात, कलमवाल्यांच्या बायकोनं, कलमवाल्यांच्या डोळ्यांदेखत चाकू उकळायला टाकला होता, आणि कलमवाले तिला अडवत नव्हते.

"वहिनी..." काका म्हणाले. "हे काय?"

"ते सांगतायत ते खरंय," आई म्हणाली. "आणि चहा मिळणार नाही आता. पाणी खराब झालं."

काका हळूच खुर्चीवर बसले. आप्पांकडे बघायचं त्यांनी टाळलं. खिडकीतून बाहेर बघितलं, पिवळ्या बागेत उभ्या असलेल्या त्या एका हिरव्या ओळीकडे.

"ती कुणाची?"

"माझी," धाकटी सून म्हणाली. "मी कात्री बुडवते. प्रत्येक झाडाला. न्हावी बुडवतो तशी."

या वेळी थोरला हसला नाही.

"माझी ओढ्याकडची पट्टी," काका म्हणाले. "मागच्या हंगामात पिवळी पडली. मी खत बदललं. पाणी बदललं. शेवटी गडी बदलला. जुना माणूस होता, माझ्या बापाच्या वेळचा. मी म्हटलं, तुझ्यानं होत नाही आता, जा घरी." त्यांनी आप्पांकडे बघितलं, पहिल्यांदाच. "तीसुद्धा?"

"तुमचा पहिला काप त्या पट्टीतच घेतला होता," आप्पा म्हणाले. "तीसुद्धा माझीच."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"मला आज."

हे म्हणताना आप्पांनी कुणाकडे बघितलं नाही. पण धाकट्याचं तोंड पांढरं पडलं, आणि काका काही आंधळे नव्हते.

"मला आधीच माहीत होतं," धाकटा म्हणाला. त्यालाही कळलं नाही आपण कसे बोललो. "मागच्या हंगामाच्या आधी."

काका उठले. काहीतरी बोलतील, निदान शिवी देतील, असं सगळ्यांना वाटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते तसेच बाहेर गेले, आजीच्या फांद्यांवरून अडखळत, टोपी टेबलावर विसरून.

*

थोरला टोपी घेऊन दारापर्यंत धावला आणि उंबऱ्यावर थांबला. काका वळणावरच्या पहिल्या फाटकाशी उभे होते आणि आत कुणाला तरी हाक मारत होते.

"गेलं," थोरला म्हणाला. "सगळं गेलं." टोपी त्याच्या हातात तशीच होती.

"कात्र्या ऐका," धाकटी सून म्हणाली.

सगळे ऐकू लागले. कचकच, कचकच, चार-पाच बागांतून. मग वळणावरच्या बागेतला आवाज थांबला. थोड्या वेळानं तिच्या पुढच्या बागेतला. मग नदीपलीकडचा. कुणीतरी तोंडाशी हातांची वाटी करून ओरडत होतं, शब्द कळत नव्हते, आणि मग तिथलाही आवाज थांबला. छाटणीच्या हंगामात, भर सकाळी, दरी गप्प झाली. नदी वाहत असल्याचं ऐकू येऊ लागलं. या दिवसांत ती कधीच ऐकू येत नसे.

ताईनं फोन काढला, नवऱ्याचा नंबर लावला आणि स्वतःच्या कानाला न लावता आप्पांच्या पुढे धरला. आप्पांनी तो त्या काळ्या हातात घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "गाडी बाजूला घे. नाही, सगळे बरे आहेत. तू आधी गाडी बाजूला घे."

ते बोलत बोलत मागच्या दारानं अंगणात गेले, पाडलेल्या झाडापाशी. पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. कुणी ऐकायला गेलंही नाही.

मग रस्त्यावर पावलं वाजू लागली. आधी तुरळक, मग पुष्कळ. वरून आणि खालून, दोन्हीकडून. धाकट्यानं दाराची कडी धरली.

"लावू का?"

"अजिबात नाही," आई म्हणाली. तिनं पातेल्यातलं गढूळ पाणी मोरीत ओतलं, चाकू फडक्यानं पुसून टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आणि धाकट्या सुनेला म्हणाली, "खुर्च्या बाहेर काढ. सगळ्या."

"कशाला?" थोरला ओरडला. "आई, शिव्या द्यायला येतायत ते!"

"म्हणूनच," आई म्हणाली. "ताटकळत उभं राहून कशाला द्यायला लावायच्या?"